विरळ हवेतला गार्ड

रबराला लोणच्याचा वास एकदा धरला की तो सुटत नाही, हे मला नर्सिंगच्या शिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. ते नागपुरे काकाजींनी शिकवलं. आमच्या दवाखान्यातलं यंत्र गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी नागपूरच्या एका ओळखीच्या डॉक्टरांना देऊन टाकलं, तेव्हा त्याच्यासोबतचे खण रिकामे करायचं काम माझ्याकडे आलं. प्रत्येक पेशंटचा मास्क वेगळा, त्याला पट्टी चिकटवून वर नाव लिहिलेलं. काकाजींचा मास्क हाती आला आणि पट्टी वाचायच्या आधीच मेथी-हिंगाचा वास आला. काकाजी तोवर राहिले नव्हते. मी तो मास्क कचऱ्यात टाकला नाही, पर्समध्ये टाकला. घरी नवऱ्याने विचारलं की हे काय आणलं, तर म्हटलं, असू दे.

आधी यंत्राबद्दल सांगते, नाहीतर तुम्हीही माझ्याकडे बालाघाटकरांसारखेच बघाल. डॉ. पिंपळापुरे आमच्या बालाघाट गावातले जुने डॉक्टर, अर्ध्या गावाचं ब्लडप्रेशर त्यांच्या वहीत. कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि हे धूड घेऊन आले. दिसायला कपडे धुवायच्या मशीनसारखं, आवाजही तसाच. पेशंटने खुर्चीवर बसायचं, मास्क लावायचा आणि काही मिनिटं विरळ हवा घ्यायची. विरळ म्हणजे ऑक्सिजन कमी असलेली, उंच पहाडावर असते तशी. मग मास्क काढून काही मिनिटं आपली साधी हवा. पुन्हा विरळ, पुन्हा साधी. असं करत करत शरीराला सवय होते, रक्तवाहिन्या सैल पडतात आणि बीपी काहीसं उतरतं, असं डॉक्टर सांगत. 'काहीसं' हा शब्द ते कधी गाळत नसत. हे अजून नवीन आहे, सगळ्यांना लागू पडेलच असं नाही, आणि गोळी बंद करायची नाही, हे ते प्रत्येकाला इतक्यांदा बजावत की पेशंट कंटाळून हो म्हणून टाकी.

गावाला ही भानगड पचायला वेळ लागला. करोनात याच गावातली माणसं सिलिंडरसाठी गोंदियापर्यंत धावली होती. आता त्याच गावात ऑक्सिजन कमी करून द्यायचे पैसे घेणारा डॉक्टर निघाला, यावर पानठेल्यावर बरीच करमणूक झाली. एक व्यापारी तर म्हणाला की मशीन कशाला, मी गल्ल्यावर बसूनच श्वास रोखतो. आणि रोखून रोखून गल्ल्यावरच चक्कर येऊन पडला. त्यानंतर डॉक्टरांनी दारावर पाटी लावली की हा प्रकार घरी करू नये.

घरी करू नये याचं खरं कारण म्हणजे पेशंटसमोर कुणीतरी बसावं लागतं. ते काम माझं. खुर्चीसमोर स्टूल, स्टुलावर मी. पेशंटच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, त्याचे आकडे माझ्यासमोर. पण डॉक्टरांचं म्हणणं असं की आकड्याच्या आधी चेहरा सांगतो. ओठांचा रंग बघायचा, कपाळावरचा घाम बघायचा, डोळे जड होताहेत का ते बघायचं. मास्क लावल्यावर बोलता येत नाही म्हणून मी थोड्या थोड्या वेळाने विचारायचं, "कसं?" आणि पेशंटने अंगठा वर करायचा. अंगठा आला नाही की मास्क काढायचा. सगळी पद्धत एवढीच.

नागपुरे काकाजी पहिल्यांदा आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट, काळी पँट आणि पॉलिश केलेले बूट घालून. आमच्याकडे लोक बीपी दाखवायला चपला फरपटत येतात, म्हणून मला वाटलं औषध कंपनीचा कुणी म्हातारा माणूस आला. त्यांनी मशीनभोवती एक चक्कर मारली, मागची नळी पाहिली, बटणं पाहिली आणि मला विचारलं, "बाई, हे बंद कराचा हुकूम कोनाच्या हातात हाये?" मी म्हटलं, तुमच्या अंगठ्याच्या. ते पटलं त्यांना. खुर्चीत बसले, घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "मंग चालू करा."

पुढे कळलं की ते रेल्वेत गार्ड होते. आमची जुनी छोटी लाईन, बालाघाटहून लामत्यावरून नैनपूरकडे जंगलातून जाणारी, तिच्यावर त्यांची सारी नोकरी गेली. गार्ड म्हणजे गाडीच्या शेवटच्या डब्यातला माणूस. पुढे इंजिनात ड्रायव्हर, मधे माणसं, शेळ्या, तांदळाची पोती, आणि मागे एकटा गार्ड. लोकांना वाटे हा आरामात बसून चालला आहे. काकाजी सांगत की त्या डब्यात माणूस स्वतःशी बोलायला लागतो. त्यांच्या आधीचा एक गार्ड तर म्हणे स्वतःशी भांडून दोन दोन दिवस अबोला धरायचा. मी हसले तर म्हणाले, हसता काय, मी त्याची समजूत काढलेली आहे.

त्या डब्यातून ड्रायव्हरशी बोलायची एकच सोय. गाडी स्टेशनातून सुटली किंवा वळणावर आली की गार्डाने बाहेर झुकून हिरवा झेंडा दाखवायचा आणि पुढून ड्रायव्हरने वळून हात दाखवायचा. म्हणजे तुझ्याकडे ठीक, माझ्याकडे ठीक. याला ते लोक 'ऑल राइट' म्हणतात. काकाजींचा त्यावरचा नियम मला तोंडपाठ झाला होता, कारण दर खेपेला ते तो मास्क लावायच्या आधी ऐकवत: सिग्नल दिला की उत्तर आलं पाहिजे, आणि उत्तर येईपर्यंत हात खाली घ्यायचा नाही. ते बोलण्यापुरतं नव्हतं. मी "कसं?" विचारलं की त्यांचा अंगठा ताठ वर जाई आणि तिथेच राही. मी मान हलवून दाखवल्याशिवाय खाली येत नसे. सुरुवातीला मी विसरायची, चिमट्याचा आकडा लिहून वर बघायची तर अंगठा अजून हवेत. मग मीही शिकले. इतर पेशंटांसमोर बसले तरी माझी मान आपोआप हलायला लागली.

त्यांच्या तऱ्हा बऱ्याच होत्या. वेळेच्या आधी येत, पण आत येत नसत. बाहेर कडुनिंबाखाली उभे राहून वेळ झाली की दार ढकलत. दुसऱ्याच्या घड्याळावर विश्वास नाही. ऑटोवाल्याशी हिंदीत, डॉक्टरांशी पुस्तकी मराठीत आणि माझ्याशी घरच्यासारखं वऱ्हाडीत बोलत. साध्या हवेची पाळी आली आणि मास्क निघाला की ते बोलायला लागत, आणि विरळ हवेची पाळी आली की वाक्य जिथे असेल तिथे तोडत. पुढच्या पाळीला बरोब्बर त्याच शब्दापासून पुढे. नैनपूरच्या फलाटावरच्या एका बैलाची गोष्ट त्यांनी मला अशी तुकड्यातुकड्यांनी जवळजवळ महिनाभर सांगितली. शेवटी बैलाचं काय झालं ते मी इथे सांगत नाही, कारण काहीच झालं नाही. पण मी महिनाभर वाट पाहिली.

घरचं मात्र ते फारसं सांगत नसत. काकी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा बंगलोरला, सून तिकडचीच, नातवाला मराठी येत नाही आणि यांना इंग्रजी. रविवारी मुलाशी व्हिडिओवर बोलणं होई. त्याबद्दल एकदाच बोलले, तेही हसत. म्हणाले, "तो माह्याकडं पाह्यतच नाई बाई. त्या फोनात कोपऱ्यात त्याचंच तोंड दिसते ना, तेच पाह्यते."

पहिले काही आठवडे त्यांचं बीपी छान उतरत गेलं. डॉक्टर खूश झाले. एकदा तपासताना सहज म्हणाले, "नागपुरेजी, असंच राहिलं तर तुमचा कोर्स लवकर आटपेल. नंतर यायची गरज नाही." काकाजींनी अंगठा वर केला. मला तेव्हा काही खटकलं नाही.

त्यानंतर बीपी उतरायचं थांबलं. पुढच्या खेपेला थोडं चढलं, त्याच्या पुढच्या खेपेला आणखी थोडं. डॉक्टर बुचकळ्यात पडले. गोळी चालू आहे ना? चालू आहे. मीठ कमी आहे ना? कमी आहे. झोप? उत्तम. डॉक्टरांनी बैठका वाढवून दिल्या आणि काकाजी चेहरा गंभीर करून हो म्हणाले. आणि याच दिवसांत मास्क धुताना मला वास यायला लागला. मी विचारलं, काकाजी, आज जेवणात काय होतं? म्हणाले, साधंच, वरण-भात. माझ्या नाकाने वरण-भात आणि आंब्याचं लोणचं यांत कधी चूक केलेली नाही, पण म्हटलं, म्हातारा माणूस आहे, एखादी फोड खाल्ली असेल.

मग एक दिवस ते आले तेव्हा चेहरा लालसर होता. मी पट्टा बांधून बीपी घेतलं, पुन्हा घेतलं आणि डॉक्टरांना हाक मारली. या यंत्राचा एक कडक नियम होता: बसल्या बसल्या बीपी एका मर्यादेच्या वर असेल तर मास्क लावायचा नाही. डॉक्टरांनी स्वतः मोजलं आणि सांगितलं की आज मशीन नाही. काकाजी म्हणाले, थोडा वेळ तरी. डॉक्टर म्हणाले, अजिबात नाही. त्यांना तासभर आडवं निजवलं, औषध दिलं, आणि बीपी जरा खाली आल्यावर घरी पाठवलं. पुढच्या खेपेला तेच. तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की यांचं लक्षण ठीक दिसत नाही, नागपूरला पाठवून सगळ्या तपासण्या करू आणि हे यंत्र त्यांच्यासाठी कायमचं बंद. त्याआधी दुपारी अचानक घरी जाऊन एकदा बीपी घेऊन या, म्हणाले.

काकाजींचं घर रेल्वे फाटकाजवळच्या गल्लीत. दार उघडंच होतं. समोर खाट, खाटेपुढे स्टूल, स्टुलावर ताट. ताटात वरण-भात होता हे खरं. बाजूला आंब्याच्या लोणच्याच्या फोडींचा ढीग आणि तळलेल्या सांडगी मिरच्या, त्या खारट मिरच्या, ज्यांतली एक खाल्ली तरी पाणी प्यावं लागतं. पाठीमागच्या कोनाड्यात बीपीच्या गोळ्यांची पाकिटं एकावर एक रचून ठेवलेली, एकही गोळी न काढलेली. काकाजी घास तोंडात धरून माझ्याकडे बघत राहिले. पकडलेल्या माणसाला काय बोलावं सुचत नाही तेव्हा तो आतिथ्य करतो. म्हणाले, "या बाई, जेवा."

मला इतका राग आला की मी उभ्यानेच बोलायला लागले. लकवा मारला असता, डोक्यातली नस फुटली असती, डॉक्टर रात्र रात्र पुस्तकं चाळताहेत आणि तुम्ही इथे फोडी मोजताय. काकाजींनी सगळं ऐकून घेतलं. लोणचं हट्टा गावाहून मेहुणीने पाठवलेलं आहे, टाकवत नाही, असं आधी काहीतरी पुटपुटले. मग ताट बाजूला सारलं.

"मले मराचं नव्हतं बाई," ते म्हणाले. "जरासं वर ठेवाचं होतं. कोर्स संपू नाई येवढंच. पन अंदाज चुकला."

मी विचारलं, पण काहून? कोर्स संपला तर चांगलंच ना?

ते फाटकाकडच्या खिडकीतून बाहेर बघत होते. "तुमी तिथं बसून माह्या तोंडाकडं पाह्यता," म्हणाले. "निळं पडलं का, घाम आला का. घरी दिवसभर कोनी पाह्यत नाई. मी मेलो तर त्याच मिन्टाले कोनाले तरी समजीन, असी एकच जागा हाये मले बालाघाटात."

मी खाली बसले. रागाचं काय झालं मला कळलं नाही. मी सरकारी दवाखान्यात आणि खासगीत मिळून निम्मं आयुष्य पेशंटांचे चेहरे बघण्यात घालवलं, आणि ते बघणं कुणी असं साठवून घरी नेत असेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी त्यांना समोर गोळी घ्यायला लावली, बीपी घेतलं आणि लोणच्याची बरणी पदराखाली घालून निघाले. बरणी नेऊ नका, असं ते म्हणाले नाहीत.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते भडकले. त्यांच्याजवळ यावर औषध नव्हतं. गोळी मात्र त्यांनी नीट बसवून दिली, आणि काकाजींनीही शब्द पाळला. बीपी आटोक्यात आलं, नागपूर टळलं, मशीन पुन्हा सुरू झालं, आणि जे व्हायचं तेच झालं: कोर्स संपला. शेवटच्या बैठकीला काकाजी नव्या शर्टात आले. शेवटचा मास्क काढताना मी "कसं?" विचारलं, त्यांचा अंगठा वर गेला, आणि मी मुद्दाम जरा उशिरा मान हलवली.

मी त्यांना म्हटलं, काकाजी, रोज चार वाजता येऊन बाकावर बसा, चहा आम्ही सगळेच घेतो. त्यांनी मान हलवली नाही. ड्यूटी नसताना स्टेशनात बसून राहणारा रेल्वेवाला त्यांच्या लेखी भिकाऱ्यासारखा. तेव्हा डॉक्टरांना एक युक्ती सुचली. मला दुसरं काम पुष्कळ असे, तर काही पेशंटांसमोर स्टुलावर काकाजींनी बसावं, आकडे मी लांबून बघीन. काकाजी दुसऱ्या दिवशी घड्याळ, बूट, इस्त्री सगळ्यानिशी हजर झाले. इतक्या निष्ठेने कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नसेल. पापणी लवायची नाही. समोरचा डावीकडे झुकला की हे उजवीकडे झुकून त्याचा ओठ बघत. परिणाम असा झाला की पेशंटांचं बीपी वाढायला लागलं. एका शिक्षिकेने मला बाहेर बोलावून स्पष्टच सांगितलं, "सिस्टर, वो बुजुर्ग घूरते बहुत हैं। मुझे डर लगता है।" मी गोड शब्दांत सांगायचा विचार करत परत आले, तर काकाजी स्टुलावरून उठून उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. म्हणाले, बरोबर हाये बाईचं, लेडीज डब्यात गार्डानं डोकावू नाई. स्वतःच हसले आणि गेले. त्यानंतर दवाखान्यात आले नाहीत.

मी अधूनमधून फाटकाकडे जाऊन बीपी घेऊन यायची. जितकं जायला हवं होतं तितकं जाणं होत नसे. घर, नोकरी, सासूबाईंचं दुखणं. बीपी चांगलं असे. डॉक्टर म्हणत, आपली उत्तम केस. थंडीत एके रात्री झोपेत गेले. बीपीने नाही, हृदय थांबलं म्हणे. सकाळी दूधवाल्याने हाका मारल्या, दुधाची पिशवी दारात ठेवली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशीही पिशवी तिथेच पाहिली तेव्हा शेजाऱ्यांना उठवलं. त्याच मिनिटाला कुणालाच समजलं नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याआधी दिवाळीच्या सुमाराला. ऑटोतून बाजाराला चालले होते आणि फाटक बंद झालं. पलीकडच्या बाजूला काकाजी उभे होते, पांढरा शर्ट, हातात भाजीची पिशवी. गाडी धडधडत मधून गेली. मोठी लाईन आता, डबेही पुष्कळ. शेवटचा डबा पुढ्यातून गेला तसा काकाजींनी पिशवी खाली ठेवून हात वर केला, उंच, सरळ. डब्याचं दार बंद होतं. आतून कुणी बाहेर पाहिलं नाही. गाडी लांब गेली, वळणाआड गेली, तरी काकाजींचा हात वरच. लोक फाटक उघडायची वाट बघत स्कूटरी सुरू करत होते, आणि तो हात तसाच.

मी ऑटोतून उतरले. फाटकाच्या दांड्याजवळ जाऊन अंगठा वर केला आणि ओरडून विचारलं, "कसं, काकाजी?"

त्यांनी मला शोधलं. लगेच हात खाली घेतला नाही; आधी माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, ओठ, कपाळ, डोळे, मी स्टुलावरून बघायची तसं. मग मान हलवली, हात खाली घेतला आणि पिशवी उचलली. तेवढ्यात फाटक उघडलं. दोन्हीकडची गर्दी मधे आली. ऑटोवाला मागून हाका मारत होता, आणि मी त्या गर्दीत अंगठा वर धरून उभी होते, त्यांचा पांढरा शर्ट परत दिसेल म्हणून.